उसाचा पाला, पहाटेचा धूर आणि सासूबाईंचा दमा (मदत हवी आहे)

गच्चीवरची

आमचं गाव सांगली जिल्ह्यात, कृष्णाकाठी. चारी बाजूंना ऊस. दिवाळी झाली, ऊसतोडीच्या टोळ्या फडात उतरल्या की इथली हवा पालटते. ऊस गेला की मागे राहिलेला पाला दोन-चार दिवस वाळतो आणि एका संध्याकाळी पेटतो. जळक्या पाल्याच्या काळ्या पापड्या थेट आमच्या वाळवणावर. हे दरवर्षीचंच, तक्रार त्याची नाही.

सासूबाई ६८ वर्षांच्या, दमा जुना. पहाटे पाचला देवळापर्यंत फिरून यायची त्यांची सवय काही केल्या मोडत नाही. या महिन्यात दोनदा रात्री दवाखाना गाठला. घरात सगळे थंडीला दोष देतात. मला धुराचा संशय आहे, म्हणून हवा मोजायचं एक छोटं मीटर मागवलं आणि तीन आठवडे वहीत आकडे लिहिले (घरात यावरून माझी पुरेशी थट्टा झाली आहे). पीएम २.५ (हवेतले अगदी बारीक कण) पहाटे सहाला १५० ते १९०, अकरानंतर ५०च्या आत, दुपारी तीनला ३०च्या आसपास, रात्री नऊला पुन्हा १२०च्या वर. पण मध्ये दोन दिवस कुठेही पेटलेलं नव्हतं, वास नव्हता, नुसतं दाट धुकं होतं, तरी मीटर २१० दाखवत होतं. झालं, आमच्या ह्यांना मुद्दा मिळाला: "तुझं यंत्र धुक्यालाच धूर म्हणतंय."

हवा किती स्वच्छ ते दाखवणाऱ्या सरकारी समीर अॅपमध्ये आमचं गाव नाही, त्यामुळे ताडून बघायला काही नाही. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रमाच्या यादीत सांगली आणि कोल्हापूर ही शहरं आहेत, आपण पडलो खेडेगावातले. तर मीटरवर विश्वास ठेवू का? आईंनी फिरायला कधी जावं? आणि सगळ्यात अवघड म्हणजे, घरामागचा फड चुलत सासऱ्यांचाच आहे. तात्यांना सुनेने कसं सांगायचं?

वाऱ्याची दिशा

तुमचे मिस्टर अर्धे बरोबर आहेत. ही स्वस्त मीटरं कणावर पडलेला प्रकाश किती विखुरतो ते मोजतात. दमट हवेत कण पाणी धरून फुगतात, शिवाय धुक्याचे थेंबही मोजणीत येतात. दाट धुक्याच्या दिवसांचे आकडे वहीतून खोडा. पण धुकं नसतानाही पहाटे दीडशे आणि दुपारी तीस असेल, तर तो फरक खरा आहे.

थंडीत रात्री जमीन निवते, तिच्यालगतची हवा गार आणि जड होते, वर उबदार हवेचं झाकण बसतं. सगळा धूर त्याखाली अडकतो. ऊन चढलं की झाकण सुटतं. तुमची वही नेमकं हेच सांगते आहे.

एक लक्षात घ्या, मीटरवरचे १५० म्हणजे अॅपवरचा हवेचा निर्देशांक १५० नव्हे. आपल्याकडची पीएम २.५ ची मर्यादा घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आहे, तीही २४ तासांच्या सरासरीची. एका पहाटेच्या आकड्यावरून गावावर शिक्का मारू नका, मात्र आईंचं फिरणं त्या आकड्यावर जरूर ठरवा. सकाळी अकरानंतर किंवा दुपारी चारच्या सुमारास.

निवृत्त परिचारिका

थंड हवेनेही दमा उठतो आणि धुरानेही, त्यामुळे तुमचं आणि घरच्यांचं, दोन्हींचं खरं असू शकतं. डॉक्टरांना ती वही दाखवा. रोजचा पंप बरं वाटलं म्हणून बंद केलेला नाही ना, हे आधी बघा, निम्मे पेशंट तिथेच चुकतात. तोंडावरच्या पदराने बारीक धूर अडत नाही. एन-९५ मास्क अडवतो, पण दम्याच्या माणसाला त्यात कोंडल्यासारखं होतं, तेव्हा डॉक्टरांना विचारूनच. पाला पेटला की त्या बाजूच्या खिडक्या बंद, आणि उदबत्तीसुद्धा नको.

खोडवा

मी स्वतः २ एकर ऊस करतो, आणि बरीच वर्षं पाला पेटवला आहे, म्हणून तात्यांच्या बाजूने बोलतो. संध्याकाळी का पेटवतात? वारा पडलेला असतो, शेजारच्या उभ्या उसात ठिणगी जात नाही. तोच पडलेला वारा धूर तुमच्या घरात बसवतो. तात्या दुष्ट नाहीत, त्यांना शेजाऱ्याचं नुकसान नको आहे.

त्यांना दम्याचं सांगू नका, खताचं सांगा. हेक्टरी ८ ते १० टन पाचट (हाच वाळका पाला) निघतं. ते सरीत दाबायचं, बुडखे (तोडीनंतर उरलेले उसाचे खुंट) जमिनीलगत छाटायचे, टनाला ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट आणि १ किलो कुजवणारं जिवाणू खत टाकायचं. पहिलं पाणी सरीत अडत अडत जातं, तेवढं एक सोसावं लागतं. पुढे तण कमी आणि ओल टिकते. माझ्या खोडव्यात (तोडीनंतर बुडख्यांतून पुन्हा फुटलेल्या उसात) उन्हाळ्यात पाण्याची एक पाळी वाचली. पाचटाचे बारीक तुकडे करणारं कुट्टीचं यंत्र भाड्याने मिळालं तर मजुराचाही प्रश्न सुटतो.

गच्चीवरची

सगळ्यांचे आभार. धुक्याचे दिवस खोडले, तरी पहाट-दुपारचा फरक तसाच राहिला. वही ह्यांच्यासमोर ठेवली आहे, अजून उत्तर नाही. आई चारला जायला तयार झाल्या, कारण त्या वेळी देवळात मैत्रिणी असतात म्हणे. पंपाचं विचारलं, तर तो दिवाळीपासून कपाटातच होता!

खोडवा दादा, तात्यांशी मी नाही, हेच बोलतील. सगळा फड नाही, पण घरामागचे दहा गुंठे यंदा न पेटवता बघा, एवढंच मागणार आहोत. त्यांची तोड पुढच्या आठवड्यात आहे. दहा गुंठ्यांसाठी कुट्टीवाला येतो का, की आधी आजूबाजूच्या दोन-चार जणांना गोळा करावं लागेल?