उपवासाच्या दिवशी आईचं डोकं उठतंच, काय करू? मदत हवी आहे

आईला अर्धशिशीचा जुना त्रास आहे, पण हल्ली उपवास असला की हमखास डोकं उठतं, त्यात त्या दिवशी ती चहापण सोडते म्हणजे पोट रिकामं आणि कॅफिनपण बंद, दोन्ही ट्रिगर एकदम! उपवास सोड म्हटलं तर ऐकणार नाही, ते सोडाच. डॉक्टरांनी काय खाल्लं, झोप किती झाली, कधी दुखलं याची डायरी ठेवायला सांगितलीये. नेटवर सगळीकडे जुनं चीज, रेड वाईन टाळा, त्यात टायरामिन (डोकं उठवू शकणारा एक घटक) असतं वगैरे, पण आमच्याकडे ते खातंय कोण? लोणचं, आंबट दही, चायनीजमधला अजिनोमोटो यांनी कोणाला खरंच त्रास होतो का? आणि चहा हळूहळू कमी कसा केलात? गोळ्यांची नावं नकोत प्लीज.