सल्ला हवा : मराठी पावत्या आणि शिष्यवृत्तीची पत्रे वेब ॲपमधून पीडीएफ करून ईमेलने पाठवण्यासाठी काय वापरावे?

पेठकर (धागाकर्ता)

सदाशिव पेठेतील एका जुन्या विश्वस्त संस्थेच्या संकेतस्थळाचे काम मी हौसेने पाहतो. खेड्यापाड्यांतून पुण्यात शिकायला आलेल्या विद्यार्थ्यांना ही संस्था शिष्यवृत्ती देते आणि तिचा सारा भार देणगीदारांवर आहे. आजवर देणगीची पावती छापील पुस्तकातून फाडून दिली जात असे आणि शिष्यवृत्तीची पत्रे कार्यालयातील बाई वर्डमधले मेल मर्ज वापरून तयार करीत. आता या सर्व नोंदी लारावेलमध्ये (पीएचपी भाषेतील वेब ॲप बनवण्याच्या चौकटीत) केलेल्या वेब ॲपमध्ये होतात. त्यामुळे नोंद झाली की मराठीतील पीडीएफ आपोआप तयार व्हावी आणि ज्याच्या त्याच्या नावाने, ज्याच्या त्याच्या तपशिलासह ईमेल जावा, अशी विश्वस्तांची अपेक्षा आहे.

एचटीएमएलपासून पीडीएफ बनवणारी डॉमपीडीएफ ही पीएचपी लायब्ररी लावून पाहिली. इंग्रजी मजकूर ठीक उतरतो. मराठीत मात्र पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाऊन बसते आणि जोडाक्षरे सुटी पडतात. ॲप सध्या शेअर्ड होस्टिंगवर (इतरांसोबत वाटून घेतलेल्या सर्व्हरवर) आहे, पण गरज पटवून दिली तर लहानसा व्हीपीएस (हवे ते बसवता येईल असा स्वतंत्र आभासी सर्व्हर) घ्यायला विश्वस्त तयार आहेत. मार्चअखेर आणि जुलैमधील शिष्यवृत्तीवाटप वगळता कामाचा ताण फारसा नसतो. साधन कोणते निवडावे, पीडीएफ मेलला जोडावी की तिचा दुवा द्यावा, आणि वैयक्तिक मजकुराचा साचा कसा लिहावा, याबद्दल अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.

कर्वेनगरकर

साधनांची तुलना वेग, किंमत आणि सोय यांवर करण्याआधी प्रत्येकाला एकच प्रश्न विचारावा : ते देवनागरीची जुळणी स्वतः करते का? युनिकोडमध्ये ‘कि’ साठवताना आधी क आणि मग वेलांटी असा उच्चाराचा क्रम असतो. ती वेलांटी डावीकडे नेणे, रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर चढवणे, अर्धी अक्षरे जोडणे हे काम फॉन्टमधील ओपनटाइपचे नियम वाचणारा जुळणी-इंजिनाचा भाग करतो. क्रोम आणि फायरफॉक्समध्ये हे काम हार्फबझ ही लायब्ररी करते. पीडीएफमध्ये मात्र अक्षरांची तयार चित्रे आणि त्यांच्या जागा एवढेच लिहिलेले असते. म्हणजे जुळणी फाइल बनवणाऱ्यानेच करून ठेवली पाहिजे; वाचकाच्या संगणकावर कितीही चांगला फॉन्ट असला तरी पुढे काही सुधारत नाही. डॉमपीडीएफ आणि तशीच दुसरी लायब्ररी टीसीपीडीएफ यांत देवनागरीसाठी ही पायरीच नाही, त्यामुळे फॉन्ट बदलत बसण्यात वेळ घालवू नये.

पीएचपीमध्येच राहायचे असेल आणि शेअर्ड होस्टिंग सोडायचे नसेल, तर एमपीडीएफ हा व्यवहार्य पर्याय आहे. त्यात भारतीय लिप्यांची जुळणी आहे, पण फॉन्टच्या नोंदीत ओटीएलचा (ओपनटाइप जुळणीचा) पर्याय स्वतः सुरू करावा लागतो. तो सुरू न करताच ‘हेही मराठी मोडते’ असा निष्कर्ष काढणारे बरेच जण दिसतात. मांडणीच्या बाबतीत ते जुन्या वळणाचे आहे. फ्लेक्सबॉक्स आणि ग्रिड विसरून तक्ते वापरण्याची तयारी ठेवावी.

व्हीपीएस मिळत असेल तर माझे मत वीझीप्रिंटला आहे. ते पायथनमध्ये आहे, पण आदेश-ओळीवरून चालते, त्यामुळे लारावेलमधून बोलावता येते. मजकूर पँगो आणि हार्फबझ यांच्यामार्फत जुळवला जातो, आणि पानाच्या कडा, पृष्ठक्रमांक, प्रत्येक पानावर येणारे संस्थेचे नाव या छपाईच्या गोष्टी सीएसएसमधूनच नीट सांगता येतात. जावास्क्रिप्ट चालत नाही, आणि पावतीला ती लागूही नये.

लारावेलच्या जुन्या लेखांत स्नॅपी नावाचे पॅकेज सुचवलेले आढळेल. ते ज्या डब्ल्यूके-एचटीएमएल-टू-पीडीएफवर उभे आहे, त्याचा प्रकल्प २०२३ मध्ये कायमचा मिटवून ठेवला गेला आणि त्याचे वेबकिट त्याहून कितीतरी जुने आहे. नव्या कामासाठी तिकडे जाऊ नये. आयटेक्स्ट ही पीडीएफची लायब्ररीही कोणी सुचवेल. भारतीय लिप्यांसाठी तिचा जोडभाग विकत घ्यावा लागतो आणि मूळ परवाना एजीपीएल (आपल्या प्रोग्रॅमचाही स्रोत खुला करायला लावणारा) आहे, हे विश्वस्तांना आधीच सांगावे.

कोणतेही साधन घ्या, पण त्यातून ही ओळ आधी छापून पाहा : ‘तिसऱ्या वर्षाच्या उत्कृष्ट विद्यार्थ्यांना, श्री. कुऱ्हाडे व सौ. ज्ञानेश्वरी यांच्या निधीतून, ₹ १,२५,००० मिळाले.’ ऱ्या आणि ऱ्हा यांतला अर्धा र हिंदीसाठी तपासलेल्या साधनांत हमखास उघडा पडतो, कारण तो हिंदीत येतच नाही. रुपयाचे चिन्ह २०१० मध्ये स्वीकारले गेले, त्यामुळे त्याआधीच्या फॉन्टांत त्या जागी रिकामा चौकोन येतो. शिवाय पानाच्या मुळाशी भाषा मराठी असल्याचे नोंदवावे. नोटोसारख्या फॉन्टांत त्या नोंदीवरून ल आणि श यांची मराठी वळणे आपोआप निवडली जातात, नाहीतर हिंदी वळणाचे ल पाहून पेठेतील एखादे ज्येष्ठ देणगीदार पावती परत पाठवतील. फॉन्ट मुक्त परवान्याचाच घ्यावा : नोटो, मुक्ता किंवा टायरो देवनागरी मराठी यांपैकी कोणताही चालेल.

बाणेरवासी

वरील प्रतिसादातील जुळणीचा मुद्दा पूर्ण मान्य आहे, पण वीझीप्रिंटऐवजी मी हेडलेस (खिडकी न उघडता चालणारे) क्रोम सुचवेन. पपेटियर या लायब्ररीने ते चालवता येते आणि लारावेलसाठी ब्राउझरशॉट हे तयार आवरण आहे. कार्यालयातील बाई पडद्यावर पूर्वदृश्यात जे पाहतील तेच इंजिन पीडीएफही बनवेल, त्यामुळे ‘इथे नीट दिसले आणि तिथे मोडले’ हा वाद उरत नाही. पृष्ठक्रमांकासाठी पूर्वी वेगळा साचा द्यावा लागे. आवृत्ती १३१ पासून क्रोमला पानाच्या कडेतील मजकूर सीएसएसमधून समजतो. किंमत म्हणाल तर स्मृतीची (रॅमची) आहे. प्रत्येक पावतीसाठी नवा ब्राउझर उघडला तर लहान व्हीपीएस मार्चअखेरीस गुडघे टेकेल. एकच ब्राउझर उघडा ठेवून रांगेतील कामे एकामागून एक त्याच्याकडे द्यावीत.

एक धोका मात्र कोणत्याही एचटीएमएल-आधारित साधनाला आहे. देणगीदाराने भरलेले नाव किंवा ‘देणगीचा हेतू’ हा रकाना साच्यात जसाच्या तसा ओतला, तर त्यात लिहिलेला चौकटीचा (आयफ्रेम) टॅग तुमच्या सर्व्हरकडून आतल्या पत्त्यांवरील माहिती मागवून पीडीएफमध्ये छापू शकतो. ब्लेडमध्ये (लारावेलच्या साचेभाषेत) दुहेरी महिरपी कंसांनीच मजकूर टाकावा, म्हणजे टॅग साधा मजकूर म्हणूनच छापला जातो, आणि पीडीएफ बनवणाऱ्या प्रक्रियेला बाहेरचे जाळे बंदच ठेवावे. फॉन्ट, बोधचिन्ह, सही हे सर्व स्थानिक फाइलींतून द्यावे.

पेठकर (धागाकर्ता)

दोघांचे आभार. एक अडचण सांगायची राहिली : सुमारे निम्म्या देणगीदारांची नावे आणि पत्ते जुन्या संगणकावर श्रीलिपीत (युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टमध्ये) टंकलेले आहेत. ते ॲपमध्ये घेतले की इंग्रजी चिन्हांचा खच दिसतो. पावतीसाठी तोच फॉन्ट पीडीएफमध्ये जोडला तर चालेल का?

कर्वेनगरकर

पावती कदाचित बरी दिसेल, पण ईमेलमध्ये तीच नावे कचरा म्हणून जातील, कारण वाचणाऱ्याच्या फोनवर तो फॉन्ट नसतो. आधी सर्व नोंदी युनिकोडमध्ये परिवर्तित कराव्यात आणि कार्यालयातील माणसाने त्या डोळ्यांखालून घालाव्यात. परिवर्तक अर्धा र, रफार आणि अनुस्वार यांत चुका ठेवतो, आणि त्या नेमक्या आडनावांत सापडतात. हे काम कंटाळवाणे आहे, पण टळणारे नाही.

सिंहगडरोडवरून

पीडीएफवर बरेच लिहून झाले, म्हणून मी ईमेलपुरते लिहितो. पीडीएफ बनवणे आणि मेल पाठवणे ही दोन्ही कामे एकाच वेब-विनंतीत करू नयेत. नोंद जतन होताच पावती क्रमांक द्यावा, पीडीएफ बनवण्याचे काम रांगेत टाकावे, ते पूर्ण झाल्यावरच मेलचे काम रांगेत जावे, आणि ‘या क्रमांकाची पावती या पत्त्यावर गेली’ ही नोंद डेटाबेसमध्ये एकदाच होऊ शकेल असे बंधन घालावे. मेल सर्व्हर मध्येच गप्प झाला आणि काम पुन्हा चालले, तरी देणगीदाराला तीच पावती दोनदा जात नाही. बनलेली पीडीएफ जतनही करावी. पुढच्या वर्षी साचा किंवा अध्यक्षांची सही बदलली, म्हणून गेल्या वर्षीची पावती नव्या रूपात उमटणे हिशेब तपासणीसाला मुळीच आवडणार नाही.

साध्या जीमेल खात्यातून दिवसाला ५०० मेलांची मर्यादा आहे, आणि संस्थेचा पत्रव्यवहार एखाद्याच्या खासगी खात्यातून जाणे तसेही योग्य नाही. संस्थेच्या डोमेनवर एसपीएफ, डीकिम आणि डीमार्क या तिन्ही नोंदी (मेल खरोखर याच डोमेनचा आहे हे पडताळू देणाऱ्या) करून ॲमेझॉन एसईएससारखी मेल पाठवणारी सेवा घ्यावी. तिचा दर हजार मेलांना दहा सेंट आहे आणि मुंबईचे केंद्रही उपलब्ध आहे. नवे खाते सुरुवातीला चाचणी अवस्थेत असते आणि पडताळलेल्या पत्त्यांवरच पाठवू देते, म्हणून परवानगीचा अर्ज मार्चच्या बराच आधी करावा. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू यांनी मोठ्या प्रमाणावर पाठवणाऱ्यांसाठी या तिन्ही नोंदी सक्तीच्या केल्या, आणि प्रचाराच्या मेलांत एका टिचकीत नाव कमी करण्याची सोयही बंधनकारक केली. गूगलच्या लेखी ‘मोठे’ म्हणजे जीमेलच्या पत्त्यांवर दिवसाला सुमारे ५,०००. तुमची संख्या त्याच्या जवळपासही नाही, तरी नोंदी कराव्यातच. पावतीच्या मेलमध्ये नव्या देणगीचे आवाहन मात्र घालू नये. व्यवहाराचा मेल आणि प्रचाराचा मेल वेगळे राहिले तर पावत्या स्पॅममध्ये जाण्याचे कारण उरत नाही.

देवनागरीतील प्रत्येक चिन्ह (अक्षर, काना, वेलांटी) यूटीएफ-८ या साठवणपद्धतीत तीन बाइट घेते आणि जीमेल सुमारे १०२ केबीपुढचा एचटीएमएल मजकूर कापून टाकते, त्यामुळे मेल आटोपशीर ठेवावा. विषयाची ओळ आणि जोडलेल्या फाइलीचे नाव मराठीत असेल तर ते विशिष्ट सांकेतिक रूपात पाठवावे लागते. लारावेलचा मेलर ते करतो, फक्त शीर्षके हाताने जोडण्याचा मोह टाळावा. मांडणीसाठी एमजेएमएल (ईमेलसाठीची खास साचेभाषा) वापरावे, कारण विंडोजवरील जुने आउटलुक मेल दाखवण्यासाठी वर्डचे इंजिन वापरते आणि ब्राउझरमध्ये सुंदर दिसणारी मांडणी तिथे कोलमडते.

साच्याच्या भाषेबद्दल विचारले आहे, ते मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. इंग्रजी साच्यात नाव कुठेही बसवता येते. मराठीत नावाला विभक्ती लावली की ‘गोखलेना’ आणि ‘पाटीलना’ तयार होतात, आणि तो मेल यंत्राने लिहिला हे पहिल्याच ओळीत उघड होते. सामान्यरूपाचे नियम प्रोग्रॅममध्ये लिहिण्याच्या फंदात पडू नये. ‘श्री. अमुक यांस, सप्रेम नमस्कार’ असे लिहिले की नाव न बदलता बसते, आणि पुढे सर्वत्र ‘आपण’ वापरावे. विद्यार्थ्यांच्या पत्रात ‘तू पात्र ठरला/ठरली’ अशी तिरकी रेघ शोभत नाही. ‘शिष्यवृत्तीसाठी आपली निवड झाली आहे’ या वाक्याला लिंगाचा प्रश्नच येत नाही. ‘श्री.’ की ‘श्रीमती’ हे मात्र नावावरून ओळखू नये; नोंदणीच्या वेळी विचारून वेगळ्या रकान्यात ठेवावे. अक्षरी रकमेसाठी शून्य ते नव्याण्णव या संख्यांचे शब्द तक्त्यातच लिहावेत, कारण एकोणसत्तर आणि एकोणऐंशी नियमाने तयार होत नाहीत. शंभर, हजार, लाख आणि कोटी पुढे सहज जोडता येतात.

कोथरूडची

एक वेगळा पर्याय सुचवते. पत्राचा मजकूर दरवर्षी कार्यालयच बदलणार असेल, तर शिष्यवृत्तीच्या पत्राचा साचा वर्डच्या फाइलीत ठेवून लिबरऑफिसला पडद्याविना चालवून पीडीएफ करता येते. मराठी उत्तम जुळते आणि बाईंना एचटीएमएल शिकावे लागत नाही. दोन कामे एकाच वेळी चालवायची असतील तर प्रत्येकाला वेगळे प्रोफाइल द्यावे लागते, नाहीतर दुसरे काम निमूटपणे काहीच करत नाही. पावत्यांसाठी मी हे सुचवणार नाही.

पेठकर (धागाकर्ता)

सर्वांचे मनापासून आभार. व्हीपीएस घेण्याचे ठरले आहे. पावत्या वीझीप्रिंटने आणि पत्रे लिबरऑफिसने करू. क्रोमचा विचार पूर्वदृश्याची तक्रार आलीच तर करू. शेवटचा प्रश्न : पावतीवर देणगीदाराचा पॅन असतो. पीडीएफ मेलला जोडून तिला पॅनचाच संकेतशब्द लावावा, असे एका विश्वस्तांचे म्हणणे आहे. हे योग्य ठरेल का?

सिंहगडरोडवरून

मी दुवा देण्याच्या बाजूने आहे. लारावेलमध्ये मुदतीचा स्वाक्षरीयुक्त दुवा तयार करण्याची सोय अंगभूत आहे. पावती सार्वजनिक फोल्डरमध्ये न ठेवता त्या दुव्यातूनच द्यावी आणि मुदत संपल्यावर ‘नवा दुवा पाठवा’ हे बटण दाखवावे. संकेतशब्दाच्या फाइली ज्येष्ठ देणगीदारांना उघडता येत नाहीत आणि मग कार्यालयाचा फोन वाजत राहतो. पॅन पावतीवर पूर्ण छापण्याऐवजी शेवटची चार अक्षरेच छापावीत. प्राप्तिकराच्या सवलतीसाठी २०२१-२२ या आर्थिक वर्षापासून संस्थेने १०बीडी हे देणग्यांचे विवरण भरून प्राप्तिकराच्या पोर्टलवरून देणगीदारासाठी १०बीई प्रमाणपत्र उतरवण्याची पद्धत आली. पूर्ण पॅन त्या विवरणात जातोच, त्यामुळे पावतीवर त्याची गरज नाही. १०बीई मात्र ॲपने बनवू नये. पोर्टलवरून आलेली फाइल जशीच्या तशी त्या देणगीदाराच्या नोंदीला जोडून याच रांगेतून पाठवावी.