बालनाट्यात बाई दिसणार नाहीत, फक्त आवाज : कसा काढायचा?

बी-१०२ (सांस्कृतिक समिती) : नमस्कार मंडळी. गणपतीतल्या बालनाट्यात वर्गाचा प्रवेश आहे. बाई स्टेजवर येणार नाहीत, फक्त त्यांचा आवाज येईल आणि त्यातही शब्द नसतील. चार्ली ब्राउन या मुलाच्या अमेरिकन कार्टूनमध्ये बाईंचा 'वा-वा-वा' असा आवाज येतो, तसा. तो कशाचा असतो? आपल्या सोसायटीच्या हॉलमध्ये जमेल का? माहीतगारांनी सविस्तर लिहावं.

ए-४०३ : तो ट्रॉम्बोन आहे ताई, सरकत्या नळीचं पितळी वाद्य. भोंग्यासमोर रबरी प्लंजर धरून वाजवलेला. प्लंजर म्हणजे सिंक तुंबल्यावर वापरतो तोच, दांडा काढून टाकलेला. चार्ली ब्राउनच्या १९६५ च्या पहिल्या टीव्ही ख्रिसमस कार्यक्रमात मोठ्यांचा आवाज मुळीच नव्हता. १९६७ च्या 'यू आर इन लव्ह, चार्ली ब्राउन'मध्ये बाई बोलायला हव्या होत्या, पण मोठ्या माणसाचा आवाज नको होता. निर्माते ली मेंडेलसन यांनी संगीतकार विन्स ग्वाराल्डी यांना विचारलं, की एखाद्या वाद्याने हे होईल का. ग्वाराल्डींनी ट्रॉम्बोन सुचवला आणि डीन हबर्ड यांनी तो वाजवला. २०१५ च्या चार्ली ब्राउनच्या चित्रपटात हेच काम ट्रॉम्बोन शॉर्टी या वादकाने केलं. प्लंजरची युक्ती मात्र त्याहून जुनी. ड्यूक एलिंग्टनच्या जाझ वाद्यवृंदात जो नँटन १९२० च्या दशकापासून प्लंजर लावून ट्रॉम्बोनला 'बोलायला' लावत असे.

सी-२०४ : ट्रॉम्बोनच का, ट्रम्पेट का नाही?

ए-४०३ : सरकत्या नळीमुळे. आपण बोलताना स्वर पायऱ्या चढत नाही, घसरत जातो. ट्रॉम्बोनची नळी सरकवली की स्वरही तसाच घसरतो. ट्रम्पेटला बटणं असतात, त्यामुळे स्वर तुटक बदलतो आणि ऐकणाऱ्याला लगेच 'गाणं वाजतंय' असं वाटतं. शिवाय ट्रॉम्बोनची खालची पट्टी माणसाच्या आवाजाच्या पट्टीला भिडते. प्लंजर तोंडाचं काम करतो. भोंगा झाकला की आवाजातले वरचे, तीक्ष्ण अंश दबून 'ऊ' ऐकू येतो, उघडला की 'आ'. ऊ वरून आ वर पटकन गेलं की 'वा' होतो.

लग्नाच्या बँडमधला ट्रॉम्बोनवाला मिळाला तर त्याला एकच गोष्ट सांगा : प्लंजर भोंग्यावर गच्च दाबायचा नाही, बोटभर फट ठेवायची. गच्च दाबला तर स्वर चढतो, वाजवायला जड जातं आणि पुढचा 'वा' उशिरा फुटतो.

डी-३०१ : वाद्याच्या आधी संहितेचं बोलू या, कारण गाडी अडते ती तिथेच. बाईंचं वाक्य आधी खऱ्या मराठीत लिहा आणि वादकाला ते पाठ करायला लावा. मनाला येईल तसं 'वा वा' वाजवलं की दुसऱ्या मिनिटाला तोचतोचपणा येतो. १९६९ साली बीबीसीवर सुरू झालेल्या 'क्लँगर्स' या मालिकेतले क्लँगर नावाचे प्राणी सरकत्या दांड्याच्या शिट्टीतून बोलत. त्यांचे संवाद कागदावर नीट इंग्रजीत लिहिलेले असायचे आणि वादक ते वाचत वाचत शिट्टीतून 'म्हणायचे'. त्यामुळेच त्यातलं रागावणं, लाडीगोडी, कुरकुर सगळं कळतं.

अक्षरं मोजा, पण लिहिलेली नव्हे, उच्चारातली ('गृह-पाठ' म्हणजे दोनच); प्रत्येकाला वाद्याचा एक ठोका. 'गृहपाठ झाला का?' म्हणजे पाच ठोके, शेवटचा वर चढणारा. 'वही कुठे आहे?' सहा ठोके. 'बस खाली' तीन, पहिला जोरात आणि बाकीचे खाली उतरणारे. एका वेळी आठ ठोक्यांच्या पुढे जाऊ नका, प्रेक्षकांचं लक्ष उडतं.

डी-३०१ : आणि अर्थ मुलाच्या उत्तरातून कळला पाहिजे. हे दोन नमुने पाहा.

चुकीचं :
बाई : (पाच ठोके, चढते)
मुलगा : काय म्हणालात बाई, गृहपाठ झाला का? हो, झाला.

बरोबर :
बाई : (पाच ठोके, चढते)
मुलगा : हो बाई, सगळी गणितं सोडवलीत.
बाई : (सहा ठोके)
मुलगा : ती... ती घरीच राहिली.

पहिल्यात मूल पोपटासारखं बाईंचं वाक्य परत म्हणतं. दुसऱ्यात प्रेक्षक स्वतः प्रश्न ओळखतो, आणि ते ओळखण्यातच या सगळ्याची गंमत आहे.

बी-५०४ : मोठी माणसं दाखवतच नाहीत ती का? पैसे वाचवायला?

डी-३०१ : थोडा तोही भाग असेल, पण मुख्य कारण उंचीचं वाटतं. चार वर्षांचं मूल साधारण एक मीटर उंच असतं. चित्राची चौकट त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर ठेवली की मोठ्यांची फक्त कंबर आणि पाय आत येतात. डोकं दाखवायचं तर चौकट मागे न्यावी लागते, मग मुलं बारकी होतात आणि गोष्ट त्यांची उरत नाही.

प्रत्येकाने याची वेगळी वाट काढली आहे. १९८४ च्या 'मपेट बेबीज' या कार्टूनमधली नॅनी (मुलांना सांभाळणारी बाई) फक्त पट्टेरी मोजे घातलेल्या पायांनी दिसते, पण तिचा आवाज माणसाचा, प्रेमळ आणि स्पष्ट आहे (बार्बरा बिलिंग्स्ली यांचा). 'एड, एड अँड एडी' या कार्टूनमध्ये आईवडील कधी दिसतच नाहीत. एकाचे आईबाबा घरभर चिठ्ठ्या चिकटवून ठेवतात आणि मूल त्या वाचून कामं करतं. आवाज नाही, नुसतं अक्षर! नाटकात ही युक्ती फुकटात होते.

ए-१०१ : 'टॉम अँड जेरी'मधल्या बाईंचेही पायच दिसतात ना?

डी-३०१ : हो, १९४० ते १९५२ च्या भागांत. आवाज लिलियन रँडॉल्फ यांचा. पण तो नमुना घेऊ नका काकू. ते पात्र अमेरिकेत कृष्णवर्णीय मोलकरणीचं जे ठरावीक, अपमानकारक चित्र रंगवलं जायचं त्यावर बेतलेलं होतं. त्यावर आक्षेप आले आणि पुढे टीव्हीसाठी तो आवाज बदलून घेतला गेला. चेहरा काढून घेतला की उरतात चाल, हेल आणि चपला, आणि त्यांतूनच माणूस कोणत्या थरातला ते ठरवलं जातं. म्हणून पाय दाखवताना चपला, साडीची किनार विचार करून निवडा. खेडवळ हेल काढून हशा मिळवू नका.

बी-१०२ : हे लक्षात ठेवते. ट्रॉम्बोन मिळाला नाही तर?

ई-२०२ : डग्गा घ्या. थाप मारल्यावर तळहाताची टाच पुडीवर (कातड्यावर) दाबून शाईकडे (काळ्या गोलाकडे) सरकवली की स्वर चढतो, म्हणजे प्रश्न. उलट सरकवली की उतरतो, म्हणजे हुकूम. अडचण एवढीच की प्रत्येक थापेचा नाद लवकर विरतो, त्यामुळे 'ये इकडे', 'बस खाली' छान निघतं, पण लांबलचक रागावणं डग्ग्यावर होत नाही. त्याला चौंडकं बरं. तार ओढून सैल सोडता येते, त्यामुळे एकामागोमाग ठोके घसरत्या सुरात निघतात आणि कुरकुरणाऱ्या आजोबांचा आवाज हुबेहूब येतो. पेटी नको, तिच्यात मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) नाही.

सी-६०१ : वाद्य नसलं तर मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि संगणकावर ऑडॅसिटी या आवाज संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये काम करा (फुकट आहे). वाक्य नेहमीच्या बोलण्यापेक्षा थोडं जास्त चढउतार करून म्हणायचं. मग इफेक्टमध्ये लो-पास फिल्टर (ठरावीक पट्टीच्या वरचा आवाज कापणारा), फ्रीक्वेन्सी ४०० हर्ट्झ. खाली रोल-ऑफ (ही कापणी किती तीव्र ते) असतो, तो आपोआप ६ डेसिबलवर असतो. तिथे बहुतेक जण फसतात, कारण ६ ला शब्द कळत राहतात. २४ किंवा ४८ करा. व्यंजनांची ओळख पटवणारा बराचसा भाग १००० हर्ट्झच्या वर असतो, तो गेला की शब्द जातात आणि चाल उरते. भिंतीपलीकडचं बोलणं ऐकू येतं ना, तसं. शेवटी नॉर्मलाइझ करून (म्हणजे आवाज वाढवून) उणे १ डेसिबलवर आणा, कारण फिल्टरनंतर आवाज बारीक होतो.

आवाज बाईंचाच घ्या. पुरुषाचा मूळ स्वर १००-१२० हर्ट्झच्या आसपास असतो आणि छोटे ब्लूटूथ स्पीकर तितकं खालचं नीट वाजवत नाहीत. फिल्टर लावल्यावर उरलेलंही निम्मं हरवतं. बायकांचा साधारण २०० च्या आसपास असतो, तो टिकतो. आणि हॉलचा मोठा स्पीकरच वापरा.

बी-१०२ : शेवटच्या प्रवेशात आईचे फक्त पाय दाखवायचेत. वर काळा पडदा लावला तर चालेल ना?

ए-४०३ : चालेल, पण सतरंजीवर बसलेली मुलं खालून वर बघतात. पडद्याची खालची कड स्टेजपासून ७५ सेंटीमीटरवर ठेवलीत आणि आई पडद्याच्या अर्धा मीटर मागे उभी राहिली, तर पुढच्या रांगेला साधारण ९० सेंटीमीटरपर्यंतचं दिसेल. एक मीटर मागे गेली तर कंबरेपर्यंत. म्हणून आईने पडद्याला जवळजवळ चिकटून उभं राहायचं. तिच्या पायांजवळ खडूची रेघ मारा आणि तालमीत कोणाला तरी सतरंजीवर बसवून तपासा.

डी-३०१ : बाई जिथे उभ्या आहेत असं भासवायचंय, आवाज तिथूनच आला पाहिजे. स्पीकर त्याच विंगेत ठेवा, नाहीतर मुलं एकीकडे बघून उत्तर देतील आणि आवाज दुसरीकडून येईल. मुलांना बघायची जागाही ठरवून द्या : मोठ्या माणसाचा चेहरा जिथे असेल तिथे, जमिनीपासून साधारण दीड मीटरवर, विंगेत एक रंगीत चिकटपट्टी लावा. सगळी मुलं तिकडेच बघतील. एकाने जरी स्पीकरकडे पाहिलं तरी बाई तिथे नाहीत हे सगळ्यांना दिसतं.

सी-६०१ : आणि बाईंचं वाक्य संपल्यावर मुलाने मनात 'एक' म्हणून मगच बोलायचं. लगेच बोललं तर प्रेक्षकांना प्रश्न ओळखायला वेळच मिळत नाही.

बी-१०२ : धन्यवाद सगळ्यांना. शनिवारच्या तालमीला संहितेत प्रत्येक वाक्यापुढे ठोक्यांचा आकडा लिहून आणते. ई-२०२, डग्गा आणाल का?

ई-२०२ : आणतो. चौंडकंही आणतो, आजोबांच्या वाक्यांसाठी.