गोष्ट, माहिती, कविता, बातमी: मुलांना प्रत्येकाचं वाचन वेगळं कसं शिकवावं?

ऐरोलीच्या_बाई
नमस्कार. ऐरोलीत मराठी माध्यमाच्या शाळेत सहावीला मराठी शिकवते. माझी मुलं अडखळत नाहीत, घडाघडा वाचतात. अडचण पुढची आहे. गेल्या आठवड्यात ठाणे खाडीतल्या फ्लेमिंगोंवर मीच लिहिलेला उतारा दिला. ओहोटीला उघड्या पडणाऱ्या चिखलात खाणं मिळतं म्हणून ते हिवाळ्यात येतात, २०२२ साली खाडीला रामसर दर्जा (महत्त्वाच्या पाणथळ जागांना मिळणारी आंतरराष्ट्रीय मान्यता) मिळाला, असं सगळं त्यात होतं. "थोडक्यात सांग" म्हटल्यावर एक मुलगा म्हणाला, "एक फ्लेमिंगो होता. तो आधी करडा होता. मग शेवाळ खाऊन गुलाबी झाला." कधी येतात, का येतात, दोन्ही निसटलं. कवितासुद्धा अशीच एका दमात संपवतात. वर्कशीट खूप आहेत माझ्याकडे. तुम्ही वर्गात प्रत्यक्ष काय करता ते सांगाल का?

नौपाडा_गुरुजी
बाई, त्या मुलाचं उत्तर वहीत टिपून ठेवा, फार मोलाचं आहे. त्याच्याकडे वाचनाचा एकच साचा आहे, गोष्टीचा. लहानपणापासून गोष्टीच ऐकल्या, म्हणून माहितीतही तो नायक शोधतो.

माहितीपर उतारा मी लगेच वाचू देत नसे. दोन मिनिटं नुसता बघायचा: मथळा, चित्राखालची ओळ, आकडे. मग विचारायचं, "हे वाचून आपल्याला काय कळणार आहे?" नंतर वाचताना 'कारण', 'म्हणून', 'त्यामुळे' या शब्दांना पेन्सिलीने गोल. जिथे गोल, तिथे वहीत बाण. तुमच्या उताऱ्यात तर सरळ साखळीच आहे: शेवाळ आणि बारीक जीव, त्यांतलं रंगद्रव्य, ते उतरतं पिसांत. तीन चौकटी, दोन बाण.

गोष्टीला मात्र चौकटी नकोत. तिथे मध्येच पान झाकायचं आणि विचारायचं, "आता ती काय करेल? कशावरून?" 'कशावरून'चं उत्तर आधीच्या ओळींतून आलंच पाहिजे, नाहीतर मुलं नुसता अंदाज ठोकून देतात. कविता तीनदा मोठ्याने. पहिल्या तासाला अर्थ विचारायचा नाही.

घणसोलीची_आई
मी शिक्षिका नाही, तरी लिहिते. मुलगी पाचवीत आहे. ठाणे–वाशी लोकलचं वेळापत्रक ती वरून खाली पूर्ण वाचत बसायची आणि कंटाळायची. एकदा आधी प्रश्न दिला: "साडेदहाच्या आत तुर्भ्याला पोचायचंय, घणसोलीहून कुठली गाडी?" मग बोट बरोबर तुर्भ्याच्या ओळीवर गेलं, तिथून वर घणसोलीकडे. काही मजकुरात आपल्याला हवं तेवढंच शोधायचं असतं, हे तिला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. तेव्हापासून औषधाच्या डबीवरची तारीखही तीच शोधून देते.

कळवा_सातवी_ब
गुरुजींच्या म्हणण्यात थोडी भर. प्रकार वेगवेगळ्या दिवशी शिकवले तर मुलांना फरक जाणवत नाही. मी एकच घटना तीन रूपांत देतो. भारतातली पहिली प्रवासी रेल्वेगाडी: १६ एप्रिल १८५३, बोरीबंदर ते ठाणे, ३४ किलोमीटर, साहिब, सिंध आणि सुलतान ही तीन इंजिनं. आपल्याच ठाण्याची गोष्ट, त्यामुळे मुलं लगेच सरसावतात. एक बातमी, एक कोशातली नोंद, एक त्या गाडीत बसलेल्या काल्पनिक मुलीचं आजीला पत्र. तिन्ही मीच लिहिली, प्रत्येकी दहा ओळींची.

गटात तिन्ही एकदम वाटतो आणि विचारतो, "गाडी कुठून निघाली हे कुठे पटकन सापडलं? भीती कुठे दिसली?" बातमीत सगळं पहिल्या दोन वाक्यांत असतं, म्हणून तिथे सावकाश वाचायचं आणि पुढे वेग वाढवला तरी चालतं, हे मुलंच सांगतात. पत्रात तसं केलं तर सगळं हुकतं, कारण तिची भीती शेवटच्या ओळीत आहे. नोंदीत भीती नाहीच. "मग कोश लिहिणाऱ्याने ती का गाळली?" यावर माझा अख्खा तास गेला होता, आणि तो माझा वर्षातला सर्वांत चांगला तास.

एक कळकळीची विनंती: युक्त्यांचे तक्ते भिंतीवर लावून पाठ करून घेऊ नका. आमच्याकडे मुलांना 'अंदाज बांधणे' ही व्याख्या येत होती, अंदाज बांधता येत नव्हता. आणि अक्षरांवरच अडणारी मुलं असतील तर त्यांना आधी रोज दहा मिनिटं जोडीने प्रकटवाचन द्या. त्यांच्यावर हे ओझं आत्ताच नको.

ऐरोलीच्या_बाई
सर्वांचे मनापासून आभार. काल चौकटी आणि बाण करून पाहिले. सगळ्यांना जमलं नाही, सात-आठ जणांनी चौकटींत वाक्यं जशीच्या तशी उतरवली. पण त्याच मुलाने बाण काढला, थोडा वेळ बघत राहिला आणि विचारलं, "बाई, ते खाणं मिळालं नाही तर रंग जातो का?" हे उताऱ्यात कुठेच नव्हतं. जातो, फिका पडत जातो, असं सांगितलं तेव्हा त्याने स्वतःहून चौथी चौकट काढली.

कळव्याचे सर, ती तीन रूपं इथे टाकाल का? शुक्रवारी दोन तास लागोपाठ आहेत.