एसी किती टनाचा घेतला आणि कसा निघाला? आपापल्या खोलीचा अनुभव लिहा

झोपायच्या खोलीसाठी एसी घेताना मी चुकलो, म्हणून हा धागा. खोली १० बाय ११. "कमी पडून पस्तावण्यापेक्षा मोठाच घे" असं जो तो सांगत होता, म्हणून २ टनाचा आणला. पाच मिनिटांत खोली गार व्हायची, कॉम्प्रेसर थांबायचा, आणि थोड्या वेळात अंगावरची चादर दमट लागायची. २४ वर ठेवला तर चिकचिक, २० वर ठेवला तर हुडहुडी. आई रात्री उठून बंद करायची, अर्ध्या तासाने मी परत लावायचो. शेवटी हवेतला दमटपणा मोजायचं छोटं यंत्र उशाशी ठेवलं. तापमान २२, आर्द्रता ७४ टक्के!

एसीच्या कॉइलवर हवेतली वाफ दवासारखी जमते, मग तिचे थेंब होऊन नळीतून बाहेर पडतात. याला वेळ लागतो. मशीन गरजेपेक्षा मोठं असलं की तेवढा वेळ ते चालतच नाही, आणि पंखा सुरू राहिला की कॉइलवरचं पाणी वाऱ्याबरोबर खोलीत परत येतं. मी नळीखाली बादली ठेवून पाहिली होती, सकाळी जेमतेम तळ झाकला जाईल एवढंच पाणी असायचं. आता १ टनाचा आहे. नळी तिथेच, बादली तीच, पण सकाळी अर्धी भरलेली असते आणि आई रात्रभर शांत झोपते.

तुमचं काय चुकलं, काय जमलं, ते सांगा. खोलीचं माप, मजला, खिडकीची दिशा आणि टन एवढं नक्की लिहा.

*

आमचं नेमकं उलटं झालं. खोली १५० चौरस फूट, सगळ्यात वरचा मजला, एक भिंत पश्चिमेला. एसी १ टनाचा. रात्री अकरापर्यंत खोली २९ च्या खाली यायची नाही. जाऊबाई बरोबर आमच्या खालच्या मजल्यावर राहतात; तेच माप, तीच खिडकी, तेवढाच एसी, आणि त्यांच्याकडे संध्याकाळी सातलाच गारवा. मला आधी वाटलं आपलंच मशीन खराब आहे. मेकॅनिक दोनदा येऊन गेला, त्याला काही सापडलं नाही.

एके रात्री नऊ वाजता स्टुलावर चढून मी स्लॅबला तळवा लावला. ताप चढलेल्या कपाळासारखा लागला. दिवसभर प्यायलेलं ऊन स्लॅब रात्री खोलीत सोडत होता, आणि बिचारा एसी आमच्याआधी त्या काँक्रीटलाच गार करत बसला होता. मग गच्चीवर उष्णता परतवणारा पांढरा रंग दिला. त्यानंतर त्याच १ टनावर दहाच्या आत खोली २६ वर येऊ लागली. नवा दीड टनाचा घ्यायचा ठरला होता, तो बेत राहिला. वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांनी नुसते चौरस फूट सांगून एसी ठरवू नये, हे मी आता भेटेल त्याला सांगते.

*

वीस वर्षं एसी बसवतो आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

टन म्हणजे मशीनचं वजन नव्हे. २,००० पौंड, म्हणजे सुमारे ९०७ किलो बर्फ २४ तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषून घेतो, तेवढी काढण्याची ताकद म्हणजे १ टन. तासाला १२,००० बीटीयू (उष्णता मोजायचं एकक) किंवा साधारण ३.५ किलोवॅट. हा आकडा वाचून लोक घाबरतात, पण ही खोलीतून बाहेर काढलेली उष्णता आहे. वीज त्याच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्शाएवढी लागते.

मशीनवर छापलेली क्षमता बहुधा बाहेर ३५ आणि आत २७ अंश धरून मोजलेली असते. बाहेर ४५ झालं की तेच मशीन कमी थंडावा देतं, नेमका जास्त हवा असतो तेव्हा. तुमच्याकडे असं ऊन पडत असेल तर ते धरूनच माप ठरवा. शिवाय माणसं मोजा. स्वस्थ बसलेला माणूसही साधारण १०० वॅट उष्णता सोडतो. दोघांच्या खोलीत सहा जण झोपत असतील तर हिशेब बदलतो.

आणि कळकळीने सांगतो, "एसी कमी पडतो, मोठा द्या" म्हणणाऱ्या कितीतरी घरांत मला फिल्टर धुळीने बुजलेला सापडला आहे. एका घरी बाहेरचं युनिट बंद बाल्कनीत होतं, समोर हातभर अंतरावर कपाट. स्वतःच फेकलेली गरम हवा ते परत ओढत होतं. कपाट हलवलं, तक्रार संपली.

*

पश्चिमेला सहा फुटी काच. आतून जाड पडदे लावले, फारसा फरक नाही, कारण काच ओलांडली की ऊन घरात आलेलंच असतं. खिडकीच्या बाहेरून सावलीचं कापड ताणलं आणि दुपारी चारचा त्रास गेला. दीडचा विचार होता, एकावर भागलं.

*

"इन्व्हर्टर एसी आहे, मोठा घेतला तरी चालतो" हे मलाही सांगितलं होतं. ते अर्धंच खरं आहे. इन्व्हर्टरचा कॉम्प्रेसर वेग कमी करतो, पण एका मर्यादेपर्यंतच. माझ्या मशीनच्या माहितीपत्रकात किमान क्षमता अर्ध्या टनाच्या आसपास आहे. रात्री माझ्या छोट्या खोलीला तेवढीही लागत नाही, मग तो बंद-चालू करतच राहतो. घेताना कमाल आकडा सगळे पाहतात, किमानही पाहा.

*

पहिला अनुभव वाचून एक आठवलं. विलिस कॅरिअर या इंजिनिअरने १९०२ मध्ये आधुनिक एसीची पहिली यंत्रणा आखली, ती ब्रुकलिनमधल्या एका छापखान्यासाठी. दमट हवेत कागद फुगायचा आणि एकावर एक छापलेले रंग सरकायचे. म्हणजे हवा कोरडी करणं हे या यंत्राचं अगदी पहिलं काम. माप ठरवताना आपण तेच विसरतो.

*

आमच्या भावाचा हॉल वरच्या मजल्यावर आहे आणि हॉलमधूनच खाली जिना जातो. थंड हवा जड असल्यामुळे त्याचा सगळा गारवा पायऱ्यांवरून खाली वाहतो. २ टनही पुरत नव्हता. जिन्याच्या तोंडाशी दार बसवल्यावर पुरला.

*

आम्ही अजून घेतलेला नाही. हे सगळं वाचून काल संध्याकाळी टेप घेऊन बसले. खोली १३० चौरस फूट, पण जुनं घर, छत साडेअकरा फुटांवर. दुकानात "किती बाय किती" एवढंच विचारलं होतं. उंची कोणी विचारली नाही, मीही सांगितली नाही. खिडकी दक्षिणेला, दोन माणसं, एक कॉम्प्युटर, वर आणखी एक मजला. बाबांचे ओले कपडे पावसाळ्यात त्याच खोलीत वाळतात, तेही लिहून घेतलं. कागद पर्समध्ये आहे, आज परत जाते.