अंड्यांच्या डब्यावरची ग्रेड, तारीख आणि 'केज-फ्री' वगैरे: नेमकं काय बघायचं?

कवडसा:
अमेरिकेतल्या दुकानात दोन डबे शेजारीशेजारी आहेत. दोन्ही 'लार्ज', पण एक 'ग्रेड एए' आणि दुसरा 'ग्रेड ए'. बाजूला 'पी'ने सुरू होणारा नंबर, मग ०७४, आणि वर 'केज-फ्री', 'नॅचरल'. एए जास्त पौष्टिक असतं का? आणि ०७४ म्हणजे काय?

मोजमाप:
पौष्टिकतेचा ग्रेडशी काही संबंध नाही, आणि आकाराचाही नाही. आकार डझनाच्या वजनावर ठरतो. लार्ज म्हणजे डझनाला किमान २४ औंस (सुमारे ६८० ग्रॅम), मीडियम २१, एक्स्ट्रा लार्ज २७, जम्बो ३०. हिशोब अख्ख्या डझनाचा असल्याने त्यात एखादं बारकं निघू शकतं. केकच्या कृतीत नुसतं '३ अंडी' लिहिलेलं असेल तर लार्ज धरायची. कवच काढून एकाचं वजन साधारण ५० ग्रॅम भरतं.

ग्रेड देताना कवच तपासतात आणि अंडं उजेडासमोर धरून आतली हवेची पोकळी बघतात. एएमध्ये ती १/८ इंचापेक्षा खोल चालत नाही, एमध्ये ३/१६ इंचापर्यंत चालते. पांढऱ्याचा घट्टपणा 'हाऊ युनिट'मध्ये मोजतात: एएला ७२ किंवा वर, एला ६० ते ७२. ताटलीत फोडलं की फरक दिसतो. एएचा बलक उंच बसतो आणि पांढरं त्याला धरून राहतं, एचं थोडं पसरतं. त्यामुळे अंडं पाण्यात सोडून शिजवायचं किंवा अख्खं तळायचं असेल तर एए घ्या. ऑम्लेट नि केकला ए घेऊन जास्तीचे पैसे वाचवलेले बरे. बी ग्रेड दुकानात फारशी दिसत नाही; ती बहुतेक द्रव अंडं किंवा पावडर करायला जाते.

दिनदर्शिका:
वरच्यात एक भर. ग्रेड असते पॅकिंगच्या वेळची. गारवा नीट सांभाळला नाही तर एएचं ए व्हायला वेळ लागत नाही, म्हणून मी तारीख आधी बघेन.

०७४ म्हणजे वर्षाचा ७४वा दिवस, १५ मार्च (लीप वर्षात १४). अंडी त्या दिवशी पॅक झाली. १ जानेवारी म्हणजे ००१. 'पी'चा नंबर पॅकिंग केंद्राचा. यूएसडीएचं (अमेरिकेच्या कृषी खात्याचं) ग्रेडचं चिन्ह असेल तर 'सेल बाय' पॅकिंगपासून जास्तीत जास्त ३० दिवस आणि 'बेस्ट बाय' ४५ दिवस पुढची टाकता येते. म्हणजे दोन डब्यांवर वेगवेगळ्या शब्दांत लिहिलेल्या तारखांची तुलना करण्यात अर्थ नाही. तीन आकडी नंबर मात्र सरळ ताडून बघता येतो.

खुराडं:
आता शब्दांकडे. 'केज-फ्री' म्हणजे पिंजरा नाही, पण कोंबड्या बंद शेडमध्येच असू शकतात. 'फ्री-रेंज'ला बाहेर जायची सोय हवी. 'ऑरगॅनिक'मध्ये त्याशिवाय सेंद्रिय खाद्य आणि प्रमाणपत्र लागतं. 'नॅचरल' नि 'फार्म फ्रेश'वर एक पैसा जास्त देऊ नका. 'हार्मोन-फ्री' तर गंमतच आहे: तिथे कोंबड्यांना हार्मोन द्यायला मुळातच बंदी आहे. कवचाचा तपकिरी रंग कोंबडीच्या जातीचा, बलकाचा गडदपणा खाद्याचा.

कवडसा:
समजलं. मग उकडायलाही सगळ्यात ताजा डबाच घ्यायचा ना?

मोजमाप:
नाही, तिथे उलट. ताज्या अंड्याचं पांढरं कवचाच्या आतल्या पापुद्र्याला चिकटतं आणि सोलताना लचके निघतात. दिवस गेले की कवचातून कार्बन डायऑक्साइड निसटतो, पांढऱ्याचा अल्कधर्मीपणा वाढतो आणि पकड सुटते. उकडायला आठ-दहा दिवस जुनी बरी.

आणि डबा घेताना उघडून प्रत्येक अंडं जागेवर हलकेच फिरवा. जे हलत नाही ते बहुधा खालून तडकून खोबणीला चिकटलेलं असतं.