कागद, कान आणि साडेपाच मिनिटं

ताई, मुलगा अग्निवीर भरतीची (सैन्यातली चार वर्षांची नोकरी) तयारी करतोय, त्यात आईबापाने नेमकं काय करायचं, असं तुम्ही विचारलंय. वरच्या उत्तरांत दूध-अंडी-बदाम सगळ्यांनी सांगितलंच आहे. मी आमच्या घरचं सांगतो.

आधी कागद. दहावीच्या सर्टिफिकेटवर आणि आधारवर नाव, जन्मतारीख तंतोतंत जुळते का बघा. आमच्या पोराच्या आधारवर माझ्या नावातलं ‘राव’ गळालं होतं. तीन हेलपाटे पडले, पण ते मी घातले, त्याचा पहाटेचा पळायचा सराव मोडू दिला नाही.

1600 मीटर साडेपाच मिनिटांत मारलं की 60 गुण, दहा पुलअप्सचे 40. पण 2023 पासून ऑनलाइन लेखी आधी असते. नुसतं पळून भागत नाही, हे पोरांच्या डोक्यात उशिरा शिरतं. मी स्कूटरवर बसून वेळ लावायचो. सहा मिनिटं वीस सेकंदांवर गडी दीड महिना अडकला. ‘अजून जोर लाव’ म्हटलं की चिडायचा. मग मी गप्प बसून वहीत फक्त आकडा लिहायला लागलो.

मेडिकलच्या आधी कान डॉक्टरांकडून साफ करून घ्या. मळापायी चांगली पोरं तात्पुरती अनफिट ठरतात. (घरी काडी घालू नका!)

आणि चार वर्षांनी जास्तीत जास्त 25 टक्केच कायम होतात, हे घरात आताच बोलून ठेवा. आमच्या हिने विचारलं, “मग पुढं काय रे?” बूट बांधत म्हणाला, “आई, आधी साडेपाचात तर येऊ दे.”